गावकी आता मोबाईलमध्ये शिरली आहे

"ट्रोल तर सगळ्यांनाच करतात, त्यात जात कुठून आली?" प्रत्येक शिबिरात कुणीतरी मला हा प्रश्न विचारतंच. त्याचं उत्तर मी माझ्याच जिल्ह्यातून देते.

मी नागावची. पर्यटकांना इथला समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि कॉटेज माहीत आहेत. पण रायगडची आणखी एक ओळख आहे, ती माणसं वाळीत टाकण्याची. गावकीने ठरवायचं, आणि एका कुटुंबाशी बोलणं, दुकानातला किराणा, लग्नाचं आमंत्रण, सगळं बंद. अनेकदा एकाच जातीतल्या लोकांनी आपल्याच माणसावर हे केलं. रायगडमधून अशी प्रकरणं एकामागून एक बाहेर आली आणि शेवटी महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. 3 जुलै 2017 पासून तो लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वाळीत टाकायला गावकीला दोन गोष्टी लागतात. एक, प्रत्येकाची खडानखडा माहिती. दोन, चारचौघांत अपमान करायला चावडी. इंटरनेटने दोन्ही फुकटात दिल्या.

बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याची कठोर चिकित्सा केली, ती उगीच नव्हती. खेड्यात आपल्याला खाजगी असं काही नव्हतंच. आपले आजे-पणजे मुंबईला गेले ते पोटासाठी, पण गर्दीत आपली जात कुणाला ठाऊक नसण्याचं सुखही तिथे होतं. गिरणीच्या विणकाम खात्यात शिवाशिव होतीच, तरी रस्त्यावर माणूस नुसता माणूस म्हणून चालू शकत होता. आज खोली भाड्याने देणारा आधी प्रोफाइल बघतो. आडनाव, मूळ गाव, 14 एप्रिलची मिरवणूक, 6 डिसेंबरचा चैत्यभूमीवरचा फोटो. दोन मिनिटांत जात कळते आणि "खोली कालच गेली" असं उत्तर येतं.

माझ्या कामात आलेली एक मुलगी, बारावीतली. जयंतीच्या मिरवणुकीत नाचतानाचा तिचा फोटो कुणीतरी उचलला, त्यावर आरक्षणावरून घाणेरडा मजकूर लिहिला आणि खाली तिचा नंबर टाकला. तीन दिवस फोन वाजत राहिला. तिने सिम बदललं, कॉलेज थांबवलं. तिला वाळीत टाकल्याचं कुणी जाहीर केलं नव्हतं, पण ती घरात बसली. म्हणजे बहिष्कार पूर्ण झाला.

पुढे जे घडलं ते आपल्याबद्दल आहे. निषेध म्हणून आपल्याच कार्यकर्त्यांनी तो स्क्रीनशॉट तालुकाभर फिरवला. ना चेहरा झाकला, ना नंबर. ती मला म्हणाली, "ताई, आधी गावाने बघितलं होतं, आता तालुक्याने बघितलं."

यावर काही मित्र खैरलांजीचा दाखला देतात. 29 सप्टेंबर 2006 च्या त्या हत्याकांडाकडे मोठ्या माध्यमांनी सुरुवातीला पाठ फिरवली. आपल्या लोकांनी फोटो फिरवले म्हणून समाज रस्त्यावर आला. हे खरं आहे. पण तिथे चार खून दडपले जात होते. इथे मुलगी जिवंत आहे आणि तिला उद्या त्याच एस.टी.ने कॉलेजला जायचं आहे. तिचा चेहरा कुणाला दाखवायचा, हे ठरवायचा हक्क तिचाच. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हाच आहे.

दुसरे काही म्हणतात, "लपवायचं कशाला? आपण अभिमानाने सांगतो." मीही सांगते, मोठ्याने सांगते. पण मी स्वतःहून सांगणं वेगळं आणि दुसऱ्याने मला उघडं पाडणं वेगळं. पहिल्यात स्वाभिमान आहे, दुसऱ्यात गावकी.

खाजगीपणा हे श्रीमंतांचं खूळ आहे असं समजू नका. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितलं होतं. संविधानाच्या मूलभूत हक्कांत ते कलम आलं नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं. सत्तर वर्षं लागली!

म्हणून मित्रांनो, असा प्रकार समोर आला की आधी त्या व्यक्तीला विचारा, तिला काय हवं आहे. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आणि वेळ जपून ठेवा, पण पोलिसांसाठी आणि वकिलासाठी, ग्रुपसाठी नाही. निषेध करायचा तर चेहरा, नाव, नंबर झाकून करा. तक्रारीत ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम लावायचा आग्रह धरा. इंटरनेटवरचा जातीय अपमानही लोकांच्या नजरेसमोर झालेला अपमानच आहे, असं केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये मानलं आहे. आणि त्या मुलीसोबत पहिले आठ दिवस कॉलेजपर्यंत जा. बहिष्कार मोडायला फॉरवर्डपेक्षा सोबत जास्त उपयोगी पडते.

जय भीम!