रबरावरचा रंग

आमची निळी वॅगन-आर आम्ही सेकंडहँड घेतली, त्याला आता दीड वर्ष झालं. विकणारे एक निवृत्त काका होते. टपावर, बॉनेटवर पांढरे बारीक ठिपके होते. जणू कोणी वरून चाळणीने पिठी चाळलीय. "सोसायटीला रंग देत होते तेव्हा खाली उभी होती हो. बाकी ॲक्सिडेंट वगैरे काही नाही," काका म्हणाले. मी त्या ठिपक्यांपायी थोडे पैसे कमी करून घेतले आणि स्वतःवर जाम खूश झालो.

तर आता गाडी मामेभावाला द्यायचं ठरलंय. रीतसर पैसे घेऊन. (मामी, तू हे वाचतेयस हे मला माहितीये, तेव्हा पुढचं नीट वाच!) म्हटलं, देण्याआधी ठिपके तरी काढू. गॅरेजवाला म्हणाला, "थिनरचं फडकं मारतो, दहा मिनिटांचं काम." पण थिनरला रंगारंगातला फरक कळत नाही. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, तो एकवेळ टिकेल. गॅरेजमध्ये मारलेला असेल तर तोही ठिपक्यांबरोबर निघून यायचा. शिवाय रबर आणि प्लॅस्टिकची वाट लागते ती वेगळीच.

मग क्ले बार मागवला. दिसायला पोरांच्या प्लॅस्टिसिनसारखा, पण आत अगदी बारीक खरखरीत कण असतात. उडालेला रंग हवेतच अर्धा वाळून गाडीवर येतो, त्यामुळे तो खालच्या रंगात मुरत नाही, वर नुसता चिकटून बसतो. क्ले तेवढाच खरवडून घेतो. गाडी आधी स्वच्छ धुवायची, सावलीत लावायची, शांपूचं पाणी भरपूर मारायचं आणि क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचा. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. आणि खाली पडला तर जीव कितीही हळहळला तरी फेकून द्यायचा, कारण त्याला लागलेली वाळू गाडीवर चरे ओढते.

रविवारी सकाळी सातला बसलो. एक युक्ती मस्त आहे: हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवायची. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून पॉलिश पेपरसारखा लागतो. क्ले फिरवताना आधी खर्र आवाज येतो, मग कमी होत होत हात सुळकन सरकायला लागतो. तो क्षण फार सुखाचा.

टप झाला, बॉनेट झालं. डावीकडच्या मागच्या दारावर पिशवी फिरवली तर तिथेही खरखर. पण पांढरा ठिपका एकही नाही! क्ले उलटून पाहिला, तर त्यावर निळी झाक. वाकून काचेच्या कडेचं रबर पाहिलं. त्यावर निळ्या रंगाचा धुरळा होता, आणि एक सरळ रेघ, चिकटपट्टी लावून काढल्यावर उरते तशी.

कारखान्यात आधी बॉडी रंगवतात, रबर नंतर बसतं. रबरावर बॉडीचा रंग असेल तर तो नंतर कोणीतरी मारलेला. म्हणजे दार रंगवलेलं होतं. आणि थिनरवाल्याच्या हाती दिलं असतं तर दाराचं काय झालं असतं, या विचाराने पोटात गोळा आला.

न राहवून काकांना फोन केला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मुलाच्या हातून खांबाला घासली होती. तुम्ही ॲक्सिडेंट विचारलात. तो काय ॲक्सिडेंट म्हणायचा?"

मला राग यायला हवा होता. पण हातात क्ले होता आणि रबरावरचे डाग मी पुसणारच होतो. क्लेने नाही तर दुसऱ्या कशाने तरी. बायको चहा घेऊन आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे पुसलंस की त्याला कधीच कळणार नाही, नाही का?" साधाच प्रश्न होता. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी मी गाडी चकचकीत करत होतो ती मामेभावाच्या प्रेमापोटी कमी आणि चांगली किंमत यावी म्हणून जास्त.

क्लेने पत्र्यावरचं जुनं वॅक्स निघून जातं, म्हणून दुपारी पॉलिश करून नवं वॅक्स चढवलं. काचेवरचे ठिपके साबणाचं पाणी लावून ब्लेड आडवं धरून काढले. गाडी आरशासारखी झालीये. रबराला मात्र हात लावला नाही. संध्याकाळी मामेभाऊ आला, तेव्हा आधी त्याचं बोट धरून त्या रबरावरून फिरवलं आणि सगळं सांगितलं. किंमतही कमी केली, काकांकडून मी करून घेतली होती त्याहून थोडी जास्तच.

तो म्हणाला, "दादा, एवढंच ना?"

एवढंच. असो. तुमचीही गाडी सेकंडहँड असेल तर दाराच्या रबरावरून एकदा बोट फिरवून बघा.