तात्यांचे १२ गुंठे

मागच्या शनिवारी गावी, पारनेर तालुक्यात, गेलो होतो. बाबा आणि तात्या (माझे धाकटे काका) यांची वाटणी चालली होती. इंजिनीयर म्हणून हिशोब अर्थातच अस्मादिकांकडे! टाईपस्क्रिप्टमध्ये मी गणिताची छोटीशी लायब्ररी लिहितोच आहे; म्हटलं, चला, वापरून बघू.

कागदावर तात्यांचा तुकडा होता १.२०. एकराचे ४० गुंठे, म्हणून प्रोग्रॅमने ४० ने गुणलं आणि उत्तर दिलं ४८ गुंठे. तात्या गप्पच झाले. मग हळूच म्हणाले, "बाळा, पॉईंटच्या पुढं गुंठे असत्यात रे." म्हणजे १ एकर २० गुंठे. एकूण ६०! सातबाऱ्यावर त्याच तुकड्यापुढे ०.६१, कारण तिथे हेक्टर-आर. माझ्या कोडला मात्र सगळे नुसते 'नंबर'.

तसा मी 'एकर' नावाचा टाईप केला होता. पण ते नंबरचं नुसतं टोपणनाव. तिथे हेक्टर घातले तरी टाईपस्क्रिप्ट हूं की चूं करत नाही. वेगळा शिक्का मारलेले टाईप केले तर कंपायलर अडवतो, पण जावास्क्रिप्ट तयार होताना टाईप पुसले जातात. म्हणून रविवारी बसून बदललं. आता प्रत्येक आकडा आपलं एकक बरोबर घेऊनच फिरतो, आणि एकर-गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत.

१९९९ मध्ये एककांच्या अशाच घोळात नासाचं मंगळावर निघालेलं यान गेलं होतं. माझे १२ गुंठे लगेच परत आले. पण पुतण्या बापाच्या बाजूने हिशोब करतोय, असं तात्यांना क्षणभर तरी वाटलं असेल का? ते कुठला कंपायलर सांगणार!