कुलवृत्तान्ताबाहेरची आजी

सावर्ड्याच्या घरी आमच्या कुलवृत्तान्ताची जुनी प्रत आहे. तीत आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा ओळीने आहेत. आईच्या आईचे नाव मात्र कुठेच नाही. १९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी नेमका हा गाळलेला धागा धरला: केवळ आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. त्यात सर्वाधिक विविधता आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळली. जिथला मुक्काम सर्वांत जुना, तिथे बदल साचायला अवधी अधिक. बाहेर पडलेल्यांनी त्यातला थोडाच वाटा सोबत नेला. ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नावर आमचा ग्रंथ कोकणातच थांबतो. आजीचा अलिखित वारसा मात्र सुमारे २ लाख वर्षे मागे, आफ्रिकेपर्यंत जातो.