कागद होता, आणणारं कोणी नव्हतं

राजगुरुनगर,
रविवार

प्रिय दादा,


परवा मोशीला जेवताना तू विचारलंस, "पोलीस काय उगाच कुणाला धरतात का? आणि धरलेल्यांची वकिली तूच का करायची, तीही सरकारी पैशावर?" वहिनीने आमटी वाढायला घेतली आणि विषय तिथेच राहिला. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. शेवटी तुझ्याकडे एक कामही आहे.

आधी पैशाचं. मी सहायक लोक अभिरक्षक आहे. आमचं कार्यालय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, मानधन ठरलेलं आणि खासगी केस घ्यायला बंदी. आरोप सिद्ध करायला सरकारी वकील उभा राहतो, तसं ज्याला वकील परवडत नाही त्याच्या बाजूनेही कुणीतरी पूर्णवेळ उभं राहावं, म्हणून 2022 ची ही योजना. मोफत कायदेशीर मदतीचं कलम 39 अ राज्यघटनेत आलं 1976 साली, त्याचा कायदा झाला 1987 मध्ये. त्याचं कलम 12 एकदा वाच. कोठडीतला माणूस, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक अशी यादी आहे आणि तिच्यात औद्योगिक कामगारही आहे. म्हणजे तुझ्या कंपनीत लाईनवर काम करणाऱ्या पोरांचाही हा हक्क आहे. त्यांच्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे, तूच सांग.

आता पोलिसांचं. उगाच धरत नाहीत, बहुतेक वेळा. माझे सगळे अशील काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. पण चूक होते तेव्हा ती कशी होते, हे बघायचं असेल तर नाशिकजवळच्या बेलतगव्हाणचा खटला बघ.

जून 2003. पेरूच्या बागेतल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. पुनर्विलोकनाचा अर्जही एकदा फेटाळला गेला. आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

मधल्या दहा वर्षांत काय नवीन सापडलं? काही नाही. हल्ल्यातून वाचलेल्या आईने घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार माणसं ओळखली होती आणि तिचा जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी नोंदवला होता. ते चौघे वेगळेच होते. त्यांच्या मागे कुणी गेलंच नाही आणि हा भाग सरकार पक्षाने दडवला, असं न्यायालयाने म्हटलं. सहापैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फार उशिरा ठरलं. प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायचा आदेश झाला. जवळजवळ सोळा वर्षांचे पाच लाख.

"मेलेल्यांचं काय?" असं तू म्हणशील. तेच तर म्हणते मी. त्या आईने बोट दाखवलेले चौघे तपासाच्या बाहेरच राहिले. सहा गरीब आत गेले म्हणजे तिला न्याय मिळाला, असं सोळा वर्षं सगळे समजत होते. चुकीच्या माणसाला शिक्षा होते, त्या दिवशी फिर्यादीचीही केस हरलेली असते.

दुसरी गोष्ट आपल्या पुण्याची. 1994 चं पौड रस्त्यावरचं हत्याकांड तुला आठवत असेल, एका घरातले सात जीव गेले होते. त्यातल्या एका आरोपीला विशीतला समजून फाशी सुनावली गेली. 27 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. आधार काय, तर राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर. इथे गुन्हा केला की नाही हा वाद नव्हता. पण त्या वयाच्या अल्पवयीनाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं आणि हा अठ्ठावीस वर्षं आत होता. रजिस्टर शाळेच्या कपाटात होतंच. ते आणायला वेळेत कोणी गेलं नाही.

तिसरी ठाणे जिल्ह्यातली, 2010 सालची. एका लहान मुलीवर अत्याचार आणि खून. परप्रांतातून आलेल्या एका माणसाला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. डीएनएचे नमुने कुणी घेतले, कधी घेतले, याचा धड पत्ता लागत नव्हता. आणि पोलिसांनी घेतलेल्या त्याच्या ज्या निवेदनावरून पुढचा सगळा डोलारा उभा राहिला, ते मराठीत लिहिलेलं होतं आणि त्याला त्याच्या भाषेत कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं. त्याला मराठी येत नव्हती.

तुमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की तुम्ही फायनल इन्स्पेक्शनवाल्याला धरत नाही, मागे जाऊन कुठल्या स्टेशनला बिघडला ते शोधता. इथेही तसंच आहे. चूक दिल्लीत उघडी पडते, पण घडते ती पोलीस ठाण्यात आणि पहिल्या रिमांडला. तिथे आरोपीच्या बाजूचं कुणी नसलं की पुढची सगळी न्यायालयं तोच बिघडलेला कागद वाचत बसतात.

म्हणून मला आपल्या औद्योगिक पट्ट्याची जास्त धास्ती वाटते. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा पोरं. कामाला एका कंपनीत, पगाराला ठेकेदाराकडे. ठेकेदार बदलला की मस्टर बदललं. आईवडील हजार-दीड हजार किलोमीटरवर. मुलगा आत गेला हे घरी कळतं तेव्हा तो येरवड्याच्या तुरुंगात पोचलेला असतो.

सध्या माझ्याकडे ओडिशातला एक पोरगा आहे. रस्त्यात अडवून एकाला चाकू मारला आणि मोबाईल नेला, असा आरोप आहे. खटला चालू आहे, म्हणून नाव-गाव लिहीत नाही. निवेदन पंचनाम्यात शुद्ध मराठीत लिहिलंय, "मी स्वखुशीने निवेदन करतो की, गुन्ह्यात वापरलेला चाकू लपवून ठेवलेले ठिकाण मी दाखवितो." खाली त्याची सही आहे, ओडिया लिपीत. मुलाखतीत मी त्याला ते वाक्य हिंदीतून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, ये तो आज पता चला. साहब ने बोला, साइन करो, छूट जाओगे." हे खरं की खोटं, ते कोर्ट ठरवेल. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. पूर्वी ते पुरावा कायद्याचं कलम 27 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात गेलंय. अख्खी केस कधीकधी त्या एका वाक्यावर उभी असते. म्हणून पंच कोण, कुठून आणले, आधी कितीदा पंच झालेत, हे मी उलटतपासात खोदत बसते. तुला ते किचकट वाटेल, पण आमचं काम बरंचसं असंच असतं. "संशयाचा फायदा" आभाळातून पडत नाही.

तो म्हणतो, त्या वेळी मी सेकंड शिफ्टला होतो. असेल तर किती सोपं! गेटवर पंचिंग आहे, कॅमेरे आहेत. पण गंमत बघ. गंभीर गुन्ह्यात दोषारोपपत्र यायला नव्वद दिवस जातात. सगळे कागद आमच्या हातात पडतात ते त्यानंतर. आणि कॅमेऱ्याचं फुटेज? बहुतेक ठिकाणी महिनाभरात जुन्यावर नवं चढतं. म्हणजे नेमकं कुठल्या तासाचं उत्तर द्यायचंय हे कळेपर्यंत उत्तर पुसलेलं असतं. कंपनी म्हणाली, तो आमच्या रोलवर नाही. ठेकेदार म्हणाला, ते काम आता दुसऱ्याकडे आहे. शेवटी मिळाली ती कँटीनची वही. त्या रात्रीच्या जेवणाच्या पानावर त्याच्या नावापुढे तीच ओडिया सही आहे. वही कोर्टापुढे सिद्ध करायचीय, ती लिहिणारा माणूस शोधतेय.

नाशिक-ठाण्याच्या गरिबापेक्षा तुझ्या लाईनवरचा पोरगा या एका बाबतीत नशीबवान आहे. त्याचा प्रत्येक तास कुठेतरी नोंदलेला असतो. पण ती नोंद नाशवंत आहे आणि ती तुमच्या ताब्यात आहे. भरपाईच्या गप्पा नंतरच्या. विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत भरपाईसाठी कायदा करा म्हणून सांगितलं, तो अजून झालेला नाही. झाला तरी कुणाची विशी परत देणार आहे?

आता काम. तुमच्या एचआरशी बोल. एखाद्या कामगाराला, मग तो ठेकेदाराचा का असेना, पोलिसांनी नेलं असं कळलं की त्या दिवसांचं गेटचं फुटेज, पंचिंग आणि मस्टरची प्रत त्याच दिवशी वेगळी काढून ठेवा. कुणाची बाजू घ्या असं मी म्हणत नाही. त्याच फुटेजमध्ये तो शिफ्ट सोडून बाहेर जाताना दिसला, तर तेही कोर्टाला दिसू दे. मागायचं असेल तेव्हा मी हुकूम घेऊन येईन, तोवर फक्त पुसू नका. आणि नोटीस बोर्डावर हिंदीत एक ओळ लावा: वकील फुकट मिळतो, फोन 15100. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

एचआर नाही म्हणाले तर का नाही, ते विचारून घे. कारण कळलं तर त्यावरचा उपाय मी शोधेन. बुधवारी मला पिंपरीच्या कोर्टात तारीख आहे, संध्याकाळी मोशीला येते. तोपर्यंत बोलून ठेव.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
शुभा