उत्तरेची वही : हप्ता पहिला

७ जानेवारी, गाडीत
अमरावतीहून गाडी वेळेवर सुटली. अकोल्याला मेहुणा चढला, दोन बॅगा आणि शेगावच्या कचोऱ्यांचं पुडकं घेऊन. "भाऊजी, तिथं काय भेटते, काय नाई." जॅकेट भाच्याचं, बाह्या आखूड. बूट नवे. आत्ताच चावतात.

८-९ जानेवारी
मुंबईहून विमान साडेतीन तास उशिरा, म्हणून पुढचं चुकलं. ऑस्लोत अकरा तास बाकावर. कॉफी ५२ क्रोनर. क्रोनरला नवानं गुणायचं, असा मेहुण्यानं नियम केला आणि गुणाकार झाल्यावर रांगेतून बाहेर आला. ट्रोम्सोला रात्री पोचलो. उणे ७. बूट चावतात.

१० जानेवारी
उणे ६. ढग.
सूर्य इथं २७ नोव्हेंबरच्या सुमाराला बुडतो तो १५ जानेवारीपर्यंत वर येत नाही. काळाकुट्ट अंधार मात्र नसतो. दुपारच्या आसपास दक्षिणेला निळसर फटफटतं, काही तास टिकतं आणि विझतं. हिची पंचाईत अशी, की दिवेलागणीची वेळ कोणती धरायची? शेवटी अमरावतीच्या घड्याळानं धरली. म्हणजे इथले दुपारचे दोन. तेव्हा बाहेरही अंधारूनच आलं होतं, त्यामुळे कुणाचंच काही बिघडलं नाही.
गाव बेटावर आहे. समुद्र गोठत नाही, अटलांटिकचा कोमट प्रवाह इथवर येतो. १९६० चा पूल चालत ओलांडला, १०३६ मीटर, वारा समोरून. पलीकडे १९६५ चं ते पांढरं त्रिकोणी चर्च. सगळे फोटो काढत होते. मेहुणा म्हणाला, जिनिंगचं शेड दिसते. दिसतं खरं.
बंदराजवळ अमुंडसेनचा पुतळा. दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला माणूस. १९२८ मध्ये हरवलेल्या नोबिले या ध्रुवप्रवाशाला शोधायला याच गावाहून विमानानं निघाला, तो परत आलाच नाही. पुतळ्यासमोर बर्फावरून मी सपशेल आडवा. कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं.

११ जानेवारी
उणे ४. ढग.
बुटाखाली लावायचे काटे, तीन जोड: ७४७ क्रोनर. पाव, चीज, केळी: २१८. बस: विसरलो. कचोऱ्या उरल्या ९. रात्री दहा ते एक ध्रुवीय प्रकाशाची वाट बघत बंदरावर उभे. काही नाही.

१२ जानेवारी
तारीख खरं तर १३, पहाटेचे चार. हात अजून नीट वळत नाहीत, तरी लिहितो.
संध्याकाळी छोट्या बसनं निघालो. माणशी दीड हजार क्रोनर. गुणाकार कुणीच केला नाही. चालवणारी बाई पन्नाशीची, बोटं भेगाळलेली, मांडीवर ढगांचा नकाशा उघडलेला फोन. निघतानाच तिनं सांगून टाकलं, आपण उजेडामागं जात नाही, ढगातल्या भोकामागं जातोय. उजेड शंभर किलोमीटरच्या वर असतो, ढग फार तर दहा. म्हणजे गेल्या दोन रात्रीही वर काही चाललं असेल आणि आम्ही खाली कचोऱ्या मोजत बसलो असू.
दर पंचवीस-तीस मिनिटांनी ती गाडी थांबवायची, एकटीच उतरायची, मान वर करून उभी राहायची, परत येऊन गिअर टाकायची. स्पष्टीकरण नाही. मेहुणा तिसऱ्या वेळेला तिच्या मागोमाग उतरला. कापसाच्या धंद्यात तीस वर्षं आभाळ वाचत आलेला माणूस. भाषा येत नव्हती, पण दोघं शेजारी उभे राहून एकाच दिशेला बघत होते. परत येऊन म्हणाला, "बाई पक्की हाय. अंदाजानं बोलत नाई."
शेवटी स्कीबोटनचं खोरं, फिनलंडच्या वाटेवर. समुद्राकडचा ओलावा मधले डोंगर अडवतात, म्हणून इथं आभाळ बरेचदा मोकळं. पर्जन्यछाया मी पोरांना सव्वीस वर्षं शिकवली. तिचा फायदा होताना पहिल्यांदा पाहिला.
उणे २१. नाकातले केस कडक होतात. उत्तरेला डोंगरावर एक राखाडी पट्टा होता. "हे त कोनं पऱ्हाट्या पेटवल्या वाटते," मेहुणा म्हणाला, आणि मलाही तो धूरच वाटला. बाईनं माझा फोन घेऊन फोटो काढला: पडद्यावर पट्टा हिरवा. डोळ्याला राखाडी, फोनला हिरवा. मंद उजेडात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत हे ठाऊक असूनही फसवल्यासारखं वाटलं. इतके पैसे फोनला दाखवायला?
मग पाऊणच्या सुमाराला पट्ट्याचं एक टोक सुटलं. लुगडं दोरीवरून वाऱ्यानं उडावं तसं वर आलं, आणि आता मात्र डोळ्यालाही हिरवं, खालची किनार गुलाबी. आवाज काहीच नाही. एवढी मोठी गोष्ट हलते आणि आवाज नाही, याचीच मला जरा भीती वाटली. ही हात जोडून उभी होती, हातमोज्यांसकट. आठ-दहा मिनिटं. नंतर पुन्हा धूर.

१३ जानेवारी
झोप. ढग. कचोऱ्या ४.

१४ जानेवारी
संक्रांत. हिनं हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाला तिळगूळ दिला आणि सूर्याचा सण आहे, असं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, आमचा २१ ला. दक्षिणेला डोंगर आडवे आहेत, त्यामुळे सूर्य उगवला तरी गावात आठवडाभर उशिरा दिसतो. त्या दिवशी मुरंबा भरलेले गोल पाव खातात. ते बेकरीत आत्ताच आले होते. मेहुण्यानं चार घेतले, न गुणता.
उद्या परत. शेवटची कचोरी कुणी खाल्ली यावर वाद.