आमचा अहवाल कोण देणार?

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात भाड्याने घर शोधत होतो. फोनवर भाडं, डिपॉझिट सगळं ठरायचं. नाव सांगितलं की समोरचे म्हणायचे, "माफ करा, आमच्या सोसायटीत चालत नाही." शेवटी कोंढव्यात घर मिळालं.

आमची थोरली लेक वकिलीचं शिकते. तिने घरात एका कराराची माहिती सांगितली. वांशिक भेदभावाविरुद्धचा हा करार संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये केला आणि १९६८ मध्ये भारताने तो मान्य केला. त्यातल्या भेदभावाच्या व्याख्येत धर्माचा उल्लेख नाही, त्यामुळे आमची तक्रार तिथे थेट बसत नाही. पण 'जन्मकूळ' हा शब्द आहे, आणि तोही भारताच्याच सूचनेवरून आलेला. समिती म्हणते, यात जात आलीच; आपलं सरकार म्हणतं, नाही.

करार पाळला जातो का, हे जिनिव्हातली अठरा तज्ज्ञांची समिती पाहते. प्रत्येक देशाने ठरल्या वेळी अहवाल द्यायचा असतो. २००७ मध्ये समितीने भारताचा अहवाल तपासला. इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्मात गेलेल्या दलितांना आरक्षणाचा हक्क परत द्यावा, असंही तिने सुचवलं. पुढचा अहवाल २०१० च्या जानेवारीत द्यायचा होता. ती मुदत टळली. हे ऐकून आम्ही सरकारला बरंच बोललो.

त्यानंतर महिन्याभरात लेकीला स्थळ आलं. मुलगा शिकलेला, नोकरीला, नमाजी. पण घराणं मेहतरांचं. दादी म्हणाल्या, "मुलगा गुणी आहे गं, पण आपल्यात चालत नाही." आम्ही दोघंही गप्प बसलो.

लेक शांतपणे म्हणाली, "अब्बा, घरमालकही हेच म्हणाले होते ना?"

अरबाला अजमीवर श्रेष्ठत्व नाही, हे आम्हीच मुलांना लहानपणी शिकवलं होतं. मान वर करवेना.

आपल्याच गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. भारताने करार मान्य करण्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी. अहवाल मागायला तेव्हा कुठलीही समिती नव्हती.

येत्या रविवारी त्या मंडळींना आम्ही जेवायला बोलावलं आहे. लग्नाचं मुलं ठरवतील. दस्तरखान मात्र एकच असेल, आणि वाढायला दादी स्वतः बसणार आहेत.