लॉट नंबर नसलेली अंडी

चाकणचा शनिवारचा बाजार म्हटलं की लोकांना कांदा आठवतो, नाहीतर बैल. मी जातो अंड्यांसाठी. बाजाराच्या कडेला बायका डालग्यात कोंबड्या आणि पाटीत भुसकटावर अंडी मांडून बसतात. "गावठीच हायेत, दादा," हे प्रत्येकीचं ठरलेलं. असतातही बऱ्याचदा. पण पाटीतली झाडून सगळी अंडी एका मापाची आणि एकाच तपकिरी रंगाची दिसली, की मी पुढे सरकतो.

कंपनीत मी क्यूसीला आहे. तिथे एकसारखं ते ओके, वेगळं निघालं की रिजेक्ट. इथे बरोबर उलटं. दारात फिरणाऱ्या आठ-दहा कोंबड्या कधीच एकसारखी अंडी देत नाहीत. एखादं पिवळसर, एखादं जवळजवळ पांढरं, एक निमुळतं, तलंगेचं पहिलं तर लिंबापेक्षा जेमतेम मोठं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तिच्या फिरण्यावर नाही. पिंजऱ्यातली तपकिरी लेअरही तपकिरीच अंडं देते, आणि पिंपरी-चिंचवडच्या मॉलमध्ये तेच कागदी खोक्यात 'देशी'च्या भावाने मिळतं. काही बहाद्दर तर पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवतात. ओल्या फडक्याने चोळलं की फडकं सांगतं.

तसं अंड्याच्या धंद्यात पुण्याइतकं मोठं नाव देशात क्वचितच असेल. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय पुण्यात. 1982 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने एनईसीसी ही अंडी-उत्पादकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्या जाहिरातीतलं 'संडे हो या मंडे' पोराटोरांच्या तोंडी बसलं. पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, गावठी साठ-सत्तर दिली तरी खूप. भाव दुप्पट-तिप्पट असतो तो यामुळे. ताकद दुप्पट नसते. प्रथिनं जवळपास तेवढीच, उलट गावठी अंडं आकाराने लहान म्हणून नगाला कमीच. हे मी तालमीतल्या पोरांना सांगून थकलो. ती कच्ची गावठी अंडी दुधात फोडून पितात. कच्च्यातून पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात, आणि शिजवलेल्याची प्रथिनं अंगी जास्त लागतात. पण वस्तादांपुढे माझं काय चालणार?

बाजारात अंडी हवी तशी मिळाली नाहीत, तर मी निघोजेला वळतो. तिथे माझ्या सासूबाईंची चुलत बहीण राहते. आम्ही सगळे तिला मावशीच म्हणतो. तिच्या घरची बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली. उरलंय ते घर, गोठा, उकिरडा आणि कुंपणाच्या भिंतीपर्यंतची थोडी जागा. भिंतीपलीकडे रात्रंदिवस कंटेनर मागेपुढे होत असतात, अलीकडे कोंबड्या उकिरडा उकरतात. किडे, वाळवी, हरळीचे कोंब, सांडलेली बाजरी, शिळी भाकरी, जे सापडेल ते. तिन्हीसांजेला त्या आपणहून खुराड्यात शिरतात. मग मावशी आत हात घालून एकेकीला चाचपते. उद्या कोण अंडं देणार, हे तिला आदल्या रात्रीच कळतं. सकाळी तेवढ्यांनाच डालग्याखाली ठेवते, नाहीतर कोंबडी शेजारच्या पत्र्याच्या शेडमागे अंडं घालून मोकळी. पाटीतली सगळी अंडी ती कधीच उचलत नाही, एक तरी खाली ठेवते. म्हणजे कोंबडी जागा बदलत नाही.

जमिनीचे पैसे आले तेव्हा ते कुठे लागले याचा हिशेब घरातल्या पुरुषांकडे. अंड्यांचे पैसे मात्र मावशीच्या डब्यात. त्यातून नातीची वह्या-पुस्तकं येतात, वारीला जाताना खर्चीला होतात. मीही पैसे रोख देतो. जावई म्हणून फुकट घेतलेलं तिला चालेल, मला चालत नाही.

वनराज, गिरिराज या सुधारित जातींची पिल्लं घेऊन गाडी गावात येते. त्यांना भरपूर अंडी असतात म्हणून मावशीच्या सुनेने काही घेतली होती. अंडी मोठी मिळाली, पण त्या कोंबड्या खुडूक बसायचं नाव काढीनात. मावशीची जुनी काळी कोंबडी बसते ती हटत नाही. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याखाली धरून मावशी पाहते. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नितळ दिसलं तर ते अंडं बाजूला. एकविसाव्या दिवशी चिवचिवाट. त्यातली निम्मी मोठी झाली तरी नशीब. घार, मुंगूस, मांजर आणि मानमोडी सगळ्यांचा वाटा निघतो. मानमोडीची लस जनावरांच्या दवाखान्यातून आणायचं काम आता सुनेने अंगावर घेतलंय.

हा टॉर्च मीही उचलला, खरेदीसाठी. जाळं दिसलं की ते अंडं घ्यायचं नाही. मावशीकडे कोंबडा आहे, म्हणजे अंडी फळलेली. थंडीत त्याने काही बिघडत नाही. चैत्र-वैशाखात पारा अडतिसाला टेकला, की कोंबडी न बसताही आत जीव धरायला लागतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळची अंडी सकाळीच घ्यायची आणि घरी आल्याबरोबर फ्रिजमध्ये टाकायची. धुवायची नाहीत. अंड्यावर निसर्गाचंच एक पातळ आवरण असतं. ते पाण्याने गेलं की कवचाच्या बारीक छिद्रांतून जंतूंना वाट मोकळी. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी आणि फोडायच्या आधी धुवावं. निमुळतं टोक खाली, आणि फ्रिजच्या दारात नाही, आतल्या कप्प्यात. आमची आजी बाजरीच्या डब्यात खुपसून ठेवायची, थंडीच्या दिवसांत तेही चालून जायचं. अंडं किती जुनं हे पाण्यात कळतं. ताजं तळाशी आडवं बसतं, जुनं उभं राहतं, तरंगलं की उकिरडा.

बलकाचा केशरी रंग पाहून लोक हरखतात. मीही हरखतो, पण तोही पक्का पुरावा नव्हे. पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घातला तरी बलक केशरी होतो. माझी खूण वेगळी आहे. मावशीच्या अंड्यांचा बलक पावसाळ्यात हिरवं चरून गडद असतो आणि मे महिन्यात फिकटतो. वर्षभर एकच छटा देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

खायचं म्हणाल तर उकडायला सगळ्यात ताजं अंडं घेऊ नये, कवचाबरोबर पांढराही सोलून निघतो. आठवडाभर जुनं असेल तर सुरेख सुटतं. ताजं अंडं रश्शासाठी. कांदा-खोबरं भाजून वाटायचं, काळा मसाला घालून रस्सा खळखळ उकळू द्यायचा, मग आच मंद करून अंडी एकेक थेट रश्शातच फोडून सोडायची. हलवायचं नाही. झाकण ठेवायचं. पांढरा रश्शात घट्ट बसतो आणि भाकरीने बलक फोडला की तो मसाल्यात उतरतो. पिंजऱ्यातल्या अंड्याचाही हा रस्सा होतो आणि बरा होतो, खोटं कशाला सांगू. पण शिळ्या अंड्याचा होत नाही, पांढरा पसरून सगळा रस्सा गढूळ होतो.

परवा मावशीने फोनवरच सांगितलं, "जावईबापू, दोघी खुडूक बसल्यात, तिसरी पिसं गाळतीय. आता गणपती झाल्याबिगर येऊ नका." श्रावण आहेच, घरात तसंही कुणी खाणार नाही. भाद्रपदात पहिली पाटी माझी, एवढं कबूल करून घेतलंय.